चाल जुनी, बोल परखड

अमेरिकेतलं कंट्री संगीत म्हणजे मागासलेल्या मनाचं गाणं, असा शिकलेल्या शहरी रसिकांचा जुना ग्रह आहे. गायिका लोरेटा लिनच्या कारकिर्दीपुढे तो टिकत नाही. केंटकीच्या डोंगरात, बुचर हॉलो इथे १९३२ साली खाणकामगाराच्या घरी ती जन्मली. पंधराव्या वर्षी लग्न झालं, विशीच्या आसपास चार मुलं पदरात होती. गिटार नवऱ्याने आणून दिली आणि १९६०च्या पहिल्या रेकॉर्डसाठी दोघं मोटारीने रेडिओ केंद्रांचे उंबरे झिजवत फिरली. तिने गाण्याचा घाट मोडला नाही. स्टील गिटार तीच, डोंगरी उच्चारही तेच. पण त्याच घाटात दारू पिऊन घरी येणाऱ्या नवऱ्याला दटावणारं गाणं १९६७मध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. घटस्फोटितेकडे वळणाऱ्या नजरांवर तिने गाणं लिहिलं, तर गर्भनिरोधक गोळीवरचं ‘द पिल’ १९७२मध्ये ध्वनिमुद्रित होऊनही कंपनीने १९७५पर्यंत दडवून ठेवलं. अनेक केंद्रांनी ते वाजवायला नकार दिला, तरी कंट्रीच्या यादीत ते पाचव्या स्थानापर्यंत पोचलं. हेच एखाद्या रॉक गायिकेने म्हटलं असतं, तर खेड्यातल्या बाईने ते शहरी थेर म्हणून सोडून दिलं असतं. लोरेटा मात्र तिच्यातलीच होती. जुन्या चालीने तिला बांधून ठेवलं नाही. उलट बोलण्याचा अधिकार दिला.

यावर आक्षेप आहेत, आणि ते पोकळ नाहीत. ‘द पिल’ दुसऱ्यांनी लिहिलेलं. ‘फिस्ट सिटी’ या गाण्यात तर ती नवऱ्याला सोडून त्याच्यामागे लागलेल्या बाईलाच ठोकायला निघते. स्त्रीवादी हे बिरुद तिने मिरवलं नाही, नवऱ्याशी संसार त्याच्या मृत्यूपर्यंत टिकवला आणि २०१६मध्ये ट्रम्प यांना उघड पाठिंबा दिला. मग बंड कुठे? पण गायिकेने आधी विचारसरणीचा दाखला आणावा, हा हट्ट समीक्षकांचा आहे, श्रोत्यांचा नव्हे. गाणं दुसऱ्याचं असलं तरी केंद्रांचा बहिष्कार तिच्या नावावर आला, आणि तो तिने सोसला. सवतीवर उगारलेली मूठसुद्धा त्या संसाराचीच साक्ष आहे. ती पुसून गुळगुळीत केली असती, तर बाकीच्या गाण्यांवर कोणी विश्वास ठेवला नसता.