खुशीचे मामूल

वांकिडीच्या बाजारात 'मामूल' हा शब्द कोणास समजावून सांगावा लागत नाही. मराठी, तेलुगू, गोंडी आणि दखनी उर्दू कानी पडणाऱ्या या गावी तो साऱ्यांच्या सामायिक मालकीचा शब्द आहे. मूळ अर्थ 'नेहमीचे', 'रीतीचे'. व्यवहारातील अर्थ, जे हातावर ठेवल्यावाचून काम हलत नाही ते. पहिल्या वर्षी कोणी खुशीने काही दिले असेल, दुसऱ्या वर्षी त्याची वाट पाहिली गेली असेल, आणि तिसऱ्या वर्षी न देणारा अपराधी ठरला असेल. खुशीचे मामूल होण्यास याहून अधिक काळ लागत नाही. उपाहारगृहातील 'टिप' आज याच वाटेने चालली आहे, म्हणून तिच्याविषयी स्पष्ट बोलणे आम्हांस अगत्याचे वाटते.

मंचेर्यालहून चंद्रपुराकडे जाणारा ३६३ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग वांकिडीवरून जातो. त्या मार्गावरील एका भोजनालयात आम्ही मध्यंतरी जेवावयास उतरलो होतो. वाढणारा तरुण मोठा चपळ. भाकरी संपण्यापूर्वी दुसरी पानात पडे. बिलासह बडीशेपेची ताटली आली, तेव्हा मात्र त्याची नजर आमच्या हातावर खिळली. गल्ल्यावरील मालकास आम्ही सहज विचारले, "याला पगार काय देता?" तो म्हणाला, "पगार नावाला, साहेब. वरच्यावर भागतं त्याचं." हे सांगताना त्यास यत्किंचितही संकोच वाटला नाही. आमचे सारे भांडण त्या संकोच न वाटण्याशी आहे. आम्ही दिलेल्या वीस रुपयांनी त्या तरुणावर उपकार झाला, असे आम्ही समजत होतो. वस्तुतः तो मालकावर झाला होता.

पुष्कळ देशांत या देण्याची नावे मोठी बोलकी आहेत. फ्रेंच 'पुरब्वार' म्हणजे पिण्यासाठी, जर्मन 'ट्रिंकगेल्ट' म्हणजे पिण्याचे पैसे, पोर्तुगीज 'गोर्जेता' हा शब्द घशावरून आलेला. आणि आपण मराठीत 'चहापाणी' म्हणतो. सर्वत्र कल्पना एकच: घोटभर काही प्यावे आणि विसरावे. घोटभर चहाच्या पैशावर संसार चालवावा, असे या शब्दांनी कधीच सुचविले नव्हते.

ते सुचविले अमेरिकेने. तेथील यादवी युद्धानंतर गुलामगिरीतून सुटलेल्या काळ्या लोकांना पुलमन कंपनीने आपल्या रेल्वे डब्यांत चाकरीस ठेवले. पगार तुटपुंजा, बाकी प्रवाशांच्या मेहेरबानीवर. वॉशिंग्टन राज्याने १९०९ साली टिप देण्याघेण्यास कायद्याने बंदी केली, आणखी काही राज्यांनी तिचे अनुकरण केले. परंतु १९२६ पर्यंत हे सारे कायदे रद्द झाले. आज तेथील संघराज्याच्या कायद्याप्रमाणे किमान वेतन ताशी ७.२५ डॉलर आहे. पण टिप मिळविणाऱ्या नोकरास मालकाने स्वतःच्या खिशातून ताशी २.१३ डॉलर दिले तरी चालतात. हा आकडा १९९१ पासून हललेला नाही. टिप धरूनही किमान वेतन भरले नाही तर तूट मालकाने भरावी, असा नियम आहे खरा; पण ती तूट मागावयाची कोणी, तर ज्याची नोकरी मालकाच्या मर्जीवर आहे त्याने! कॅलिफोर्नियासारख्या राज्यांनी मात्र ही सवलत नाकारून पूर्ण वेतन बंधनकारक केले आहे.

उलट जपानात मेजावर ठेवलेले पैसे राहून गेले असे समजून नोकर गिऱ्हाइकाच्या मागे धावत येतो. फ्रान्समध्ये पदार्थाच्या दरातच सेवेचे मूल्य धरलेले असते. ब्रिटनने २०२३ साली कायदा करून ऑक्टोबर २०२४ पासून टिपेची सर्व रक्कम कोणतीही कपात न करता नोकरांना देणे मालकांवर बंधनकारक केले. म्हणजे टिप हा मनुष्यस्वभावाचा अटळ नियम नव्हे. तो कायद्याने व रीतीने घडतो आणि मोडतो.

आपल्याकडील कायदा काय म्हणतो? सर्वोच्च न्यायालयाने १९७६ साली जयपूरच्या रामबाग पॅलेस हॉटेलच्या खटल्यात ही रक्कम मालकाच्या पदरची नव्हे, गिऱ्हाइकाकडून घेऊन नोकराकडे पोचविलेली आहे, अशी भूमिका घेतली. २०१६ साली आयटीसीच्या खटल्यात, अशी टिप प्राप्तिकरासाठी मालकाने दिलेला पगार ठरत नाही, असा निर्णय दिला. यातून आम्ही काढतो तो निष्कर्ष सरळ आहे: जे मालकाने दिलेच नाही, ते त्याने आपल्या देण्यात वळते करून घेऊ नये. २०१९ ची वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली असून किमान वेतनाचा हक्क तिने सर्व कामगारांपर्यंत नेला आहे. बिलात परस्पर 'सेवाशुल्क' चढविण्यास केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये मनाई केली आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती उचलून धरली. तेव्हा कायद्याची उणीव नाही. उणीव आहे ती 'वरच्यावर भागतं' या वाक्याची लाज वाटण्याची.

कोणी म्हणतील, देणे हा आपला धर्म. त्यात वकिली कशाला? आम्ही त्यांस गीतेच्या सतराव्या अध्यायाची आठवण देतो. परतफेडीची आशा न धरता दिलेले ते सात्त्विक. फळावर डोळा ठेवून दिलेले ते राजस. आणि अवहेलनेने फेकलेले ते तामस. पुढच्या खेपेस चांगली जागा मिळावी म्हणून दिलेली टिप कोणत्या वर्गात बसते, हे वाचकांनीच ठरवावे. आपल्या जुन्या गावगाड्याचे दोष थोडे नव्हते. तरी सुताराचे, लोहाराचे बलुते हा त्याचा हक्क मानला जाई. खळ्यावर तो मागावयास येई तो हक्काने. शेतकऱ्याच्या चेहऱ्यावरील प्रसन्नता मोजून नव्हे.

आणि आता घरचा प्रश्न. पंढरपुरात बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क १९७३ च्या कायद्याने रद्द केले; त्यावरील वाद सर्वोच्च न्यायालयात जानेवारी २०१४ मध्ये मिटला आणि पूजा मंदिर समितीच्या पगारी पुजाऱ्यांकडे आली. सेवेकऱ्याचा निर्वाह भाविकाच्या हातावर टांगून ठेवला की सेवेकरी लाचार होतो आणि भाविक त्रस्त, हा त्या दीर्घ वादाचा धडा. मग आमच्या देवस्थानांच्या भोजनशाळांत, अग्रशाळांत व उत्सवांतील महाप्रसादाच्या पंगतींत राबणारे आचारी, वाढपी, भांडी घासणाऱ्या बाया यांचे काय? त्यांचे वेतन ताळेबंदात दिसते, की 'यजमान काही देतीलच' या भरवशावर सोडलेले असते? प्रत्येक महाजनाने, प्रत्येक विश्वस्ताने हा प्रश्न पुढील वार्षिक सभेत विचारावा, अशी आमची मागणी आहे. प्रथम पूर्ण वेतन द्यावे, ते महिन्याच्या महिन्यास द्यावे, आणि नंतरच 'नोकरांस पैसे देऊ नयेत' ही पाटी भिंतीवर लावावी. वेतनावाचून लावलेली पाटी ही नुसती क्रूरता होय.

तोपर्यंत आम्ही स्वतः काय करावे? त्या तरुणास रिकाम्या हाताने परत पाठवून मालकास शिक्षा होत नाही. म्हणून त्याच्या हातावर आम्ही ठेवतोच आणि ठेवणार. परंतु गल्ल्यावर पैसे मोजताना पगाराचा प्रश्न विचारल्यावाचून पुढे जावयाचे नाही, एवढा नियम आम्ही स्वतःस घालून घेतला आहे. दहा गिऱ्हाइकांनी तो विचारला, तर अकराव्यास उत्तर देताना मालकाची मान थोडी तरी खाली होईल.