वाट्याची पंधरा मिनिटे

आपल्यापैकी अनेकांची नातवंडे आज परदेशी शिकत आहेत. पूर्वी परदेश म्हटला की इंग्लंड-अमेरिका डोळ्यांसमोर येई; आता जपानही त्या यादीत आला आहे. २०१८ साली जपान सरकारच्या शिक्षण मंत्रालयाने आशियाई देशांतील शालेय विद्यार्थ्यांसाठी ‘आशिया काकेहाशी’ हा उपक्रम सुरू केला. ‘काकेहाशी’ म्हणजे पूल. मुलांनी काही महिने जपानी शाळेत, जपानी मुलांच्या शेजारी बसून शिकावे, ही त्यामागची कल्पना. भारतातूनही मुले गेली. अशा देवाणघेवाणीच्या इतर योजना त्याआधीपासून चालू आहेतच.

परिचयातल्या एका घरातील सोळा वर्षांची मुलगी अशाच एका योजनेतून जपानला गेली. आठवड्यातून एकदा तिचा फोन येई. इकडे सायंकाळचे पाच वाजलेले असत, तिकडे रात्रीचे साडेआठ. आजी तासभर आधीपासून खुर्चीत येऊन बसत. एकदा त्यांनी नेहमीप्रमाणे विचारले, “आज काय शिकलीस गं?”

“आज जिना पुसला, आजी.”

आजींना ते मुळीच रुचले नाही. “एवढ्या लांब फरशी पुसायला गेलीस होय? तिथे शिपाई नाहीत?”

नात हसली आणि म्हणाली, “आजी, दिवसभरात तेवढीच पंधरा मिनिटं मला वाटतं, की मी या वर्गातली आहे.”

आजी गप्प झाल्या. त्या गप्प का झाल्या, तेच आज आपल्यापुढे मांडायचे आहे.

प्रथम त्या शाळेचा दिवस पाहू. जपानमध्ये शैक्षणिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होऊन मार्चमध्ये संपते. पहिली नऊ वर्षे शिक्षण सक्तीचे असते. त्यापुढील तीन वर्षांच्या उच्च माध्यमिक शाळेत बहुधा प्रवेशपरीक्षा देऊनच जावे लागते, आणि परदेशी पाहुणे विद्यार्थी बहुतेक करून याच शाळांत असतात. मुले पायी, सायकलने किंवा आगगाडीने येतात. दाराशीच प्रत्येकाचा जोड्यांचा खण असतो. बाहेरचे जोडे तेथे ठेवायचे आणि ‘उवाबाकी’ नावाचे, केवळ आत वापरायचे हलके जोडे घालायचे. वर्गाची खोली मुलांची असते. तास बदलला की मुले हलत नाहीत, शिक्षक बदलतात. तास साधारणतः पन्नास मिनिटांचा असतो. प्रारंभी पाळीचा विद्यार्थी सर्वांना उभे राहण्यास सांगतो, सारे वाकून अभिवादन करतात आणि मग शिकवणे सुरू होते. ही दिवसाची पाळी, ‘निच्चोकु’, प्रत्येकावर क्रमाने येते. फळा पुसणे, वर्गाची रोजनिशी लिहिणे, ही कामे त्या दिवशी त्याची.

दुपारी जेवण. प्राथमिक आणि कनिष्ठ माध्यमिक शाळांत शाळेतच शिजवलेले किंवा शाळेसाठी शिजवलेले भोजन मिळते; त्यासाठीचा कायदा १९५४ सालचा आहे. पांढरा डगला, टोपी आणि मुखपट्टी घालून पाळीची मुले स्वतः वाढतात आणि सर्व जण वर्गात एकत्र जेवतात. उच्च माध्यमिक शाळेत मात्र बहुधा घरचा डबा, म्हणजे ‘बेंतो’, न्यावा लागतो. पाहुण्या मुलीला तो तिच्या यजमान घरातून मिळतो. जेवणाआधी हात जोडून ‘इतादाकिमास’ म्हणायचे, म्हणजे ‘हे मी कृतज्ञतेने घेतो’. आपल्या वदनी कवळापेक्षा हे फार दूरचे नाही. शाकाहारी मुलांच्या आजी-आजोबांनी एवढे लक्षात ठेवावे, की नुसत्या भाजीच्या वाटणाऱ्या पदार्थातही ‘दाशी’, म्हणजे बहुधा माशापासून काढलेले पाणी, असू शकते. यजमानांना ते आधीच कळवलेले बरे.

आणि मग स्वच्छतेची वेळ, ‘सोजी’. कोठे ती जेवणानंतर असते, कोठे तास संपल्यावर. पंधरा-वीस मिनिटे. बाके एका बाजूला सरकवायची, केर काढायचा, ओल्या फडक्याने जमीन पुसायची. गट ठरलेले असतात आणि कामे फिरती असतात. आज वर्ग, पुढे जिना, त्यानंतर व्हरांडा. अनेक शाळांत स्वच्छतागृहेसुद्धा. शाळेत कर्मचारी नसतात असे नाही, परंतु आपण वापरलेली जागा आपण झाडायची, हा शिक्षणाचाच भाग मानला जातो. डॉक्टरांच्या मुलाला त्यातून सूट नाही आणि दुकानदाराच्या मुलीलाही नाही.

आपल्याकडे झाडू कोणी हाती धरायचा, हे जातीने ठरत आले. म्हणूनच आजींच्या तोंडून चटकन शिपायाची आठवण निघाली. तरीही हा विचार आपल्याला सर्वस्वी परका नाही. १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी सर्व जातींच्या मुलांना एका वसतिगृहात आणले आणि श्रमाला शिक्षणात स्थान दिले. आपल्यापैकी काहींनी लहानपणी शाळेचा वर्ग सारवला असेल, अंगणात सडा घातला असेल. त्या दिवसाचे आपले नाव फळ्यावर वाचताना काय वाटले होते, ते आठवून पाहावे.

आता पुन्हा त्या मुलीकडे वळू. भाषा पुरती न येणाऱ्या मुलीचा दिवस कसा जात असेल? सहा तास कानांवर शब्द पडत राहतात. त्यांतला एखादाच ओळखीचा निघतो. वर्गात हशा पिकतो, पण सारे का हसले ते कळत नाही. मग इतरांकडे पाहून तीही थोडी उशिरा हसते. कोणी तिला टाळत नाही. उलट सारे फार सौजन्याने वागतात. परंतु प्रत्येक वेळी “काय म्हणालात?” असे विचारण्याचा तिलाच संकोच वाटू लागतो, आणि हळूहळू ती विचारणे सोडून देते. संध्याकाळी ती थकून जाते. काही केले म्हणून आलेला हा थकवा नसतो. ऐकण्याचाच तो शीण असतो.

वाचकहो, हे वर्णन आपल्याला ओळखीचे वाटत नाही काय?

ज्यांना कमी ऐकू येते, अशा घरातील वडीलधाऱ्यांचे जेवणाच्या वेळचे चित्र नेमके हेच असते. सर्वांच्या मधोमध बसलेले, तरी बोलण्याबाहेर राहिलेले; उशिराने हसणारे आणि पुढे पुढे न विचारणारे. त्या आजींचेही तसेच झाले होते. त्यातच वर्षापूर्वी त्या न्हाणीघरात घसरल्या. हाड मोडले नाही, पण घर घाबरले. तेव्हापासून त्यांनी विळी घेतली की सून धावत येई, “आई, तुम्ही बसा, मी करते.” भाजी गेली, कपड्यांच्या घड्या गेल्या, देवाची फुले काढणेही गेले. सुनेच्या मनात मायाच होती. परंतु नातीला परक्या देशात जे पंधरा मिनिटांचे काम मिळाले होते, ते आजींना स्वतःच्या घरात उरले नव्हते. म्हणून त्या गप्प झाल्या.

जिना पुसण्यासाठी भाषा लागत नाही. शेजारच्या मुलीने बादली उचलली की आपण फडके पिळायचे, एवढे न बोलता समजते. काम संपल्यावर ‘ओत्सुकारेसामा’ म्हणतात. शब्दशः पाहिल्यास, ‘आपण दमलात’. आपण दमलो याची कोणी दखल घ्यावी, यासाठी आधी दमण्याची संधी मिळावी लागते. आपल्या माणसांना विश्रांती देताना ती संधीच आपण काढून घेत नाही ना, हे काळजी घेणाऱ्यांनी स्वतःला विचारावे.

यात शरीराचाही प्रश्न आहे. न वापरलेले स्नायू उतारवयात लवकर क्षीण होतात, तोल जातो, आणि ज्या पडण्याच्या भीतीने हालचाल बंद केली, ते पडणेच अधिक जवळ येते. जागतिक आरोग्य संघटनेने पासष्ट वर्षांवरील व्यक्तींसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल आणि आठवड्यातून तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायाम सुचवले आहेत. ज्यांना एवढे जमत नाही, त्यांनी जमेल तेवढे करावे. थोडी हालचालही काहीच न करण्यापेक्षा बरी.

मग घरात ही पाळी कशी लावावी?

काम ठरलेले असावे. “काही तरी करा” हे काम नव्हे. “सकाळी तुळशीला आणि कुंड्यांना पाणी आजोबांनी घालायचे” हे काम. त्यावर घराचे काही तरी अवलंबून असले पाहिजे. मटार सोलले नाहीत तर उसळ होणार नाही, हे सर्वांना ठाऊक असावे. केवळ वेळ जावा म्हणून दिलेले काम वृद्धांना लगेच ओळखू येते आणि त्याचा अपमान वाटतो.

काम बेताचे असावे. मेथी निवडणे, लसूण सोलणे, कपड्यांच्या घड्या घालणे ही कामे टेबलापाशी, पाठीला आधार असलेल्या खुर्चीत बसून होतात. उभ्याने केर काढायचा असल्यास लांब दांड्याचा झाडू द्यावा. स्टुलावर चढणे, ओल्या फरशीवर वावरणे, जड बादली उचलणे ही कामे वर्ज्य. चक्कर येत असेल, हृदयाचा विकार असेल किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल, तर काय करावे आणि किती, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

झालेले काम त्यांच्यादेखत पुन्हा करू नये. घडी वाकडी आली तर वाकडीच कपाटात ठेवावी. स्मरणशक्ती उणावलेल्या व्यक्तीला एका वेळी एकच टप्पा सांगावा आणि घाई करू नये. अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीलाही वाटा देता येतो. हातरुमालांच्या घड्या, वाणसामानाची यादी तोंडी सांगणे, नातवंडांना वेळेवर फोन करण्याची आठवण देणे, यांतील काहीही चालेल. आणि “आज नको” म्हणण्याचा अधिकार त्यांना असावा. मात्र आवडीच्या कामातले मन अचानक उडाले, भूक व झोप बिघडली, तर ‘वय झाले’ म्हणून सोडून न देता डॉक्टरांना दाखवावे. ऐकू कमी येत असेल, तर कानांची तपासणी आणि कर्णयंत्र हे उपाय आहेतच. वाट्याचे काम त्यांची जागा घेऊ शकत नाही.

आपण स्वतः वृद्ध असाल, तर आपल्याशीही दोन शब्द. कोणी काम देईल म्हणून वाट पाहू नका. आपला वाटा मागून घ्या. जपानमध्ये आज दर शंभरांत सुमारे एकोणतीस माणसे पासष्ट वा त्याहून अधिक वयाची आहेत. तेथे अनेक गावांत सकाळी शाळेच्या वाटेवर, रस्ता ओलांडण्याच्या जागी वृद्ध स्वयंसेवक उभे असतात. मुले त्यांना अभिवादन करून पुढे जातात. १९२८ सालापासून चालत आलेली ‘राजिओ ताइसो’ ही रेडिओवरील कवायत उन्हाळ्याच्या सुट्टीत मुले आणि वृद्ध एकाच मैदानात करताना दिसतात. ती जेमतेम तीन मिनिटांची असते. १९९९ साली तिच्याच जोडीला, वृद्धांना आणि अपंगांनाही करता येईल अशी कवायत तयार करण्यात आली. ती खुर्चीत बसूनही करता येते. सुट्टीत नातवंड घरी आले, की अशी पाच मिनिटे त्याच्याबरोबर ठरवून घ्यावीत. हात वर करणे, खांदे फिरवणे, बसल्या जागी पाय उचलणे. मोजणी त्याने करावी. त्यासाठी जपानला जाण्याची गरज नाही.

त्या घरी पुढे काय झाले? दुसऱ्या दिवशी सकाळी आजींनी सुनेला सांगितले, “उद्यापासून भाजी मी निवडणार. टेबलाशी बसून. विळी नको, चालेल.” सुनेने थोडा विचार केला आणि फ्रिजवर लावलेल्या दूधवाल्याच्या हिशेबाच्या कागदाखाली लिहिले: भाजी, आई.

पुढच्या आठवड्यात फोन आला. नातीने विचारले, “आजी, आज काय केलंस?”

“पालक निवडला,” आजी म्हणाल्या. “दोन जुड्या. दमले बाई.”

त्या दमल्या होत्या खऱ्या. पण कितीतरी दिवसांनी त्यांच्याजवळ नातीला सांगण्यासारखे काही होते.