विश्लेषण : वाद ‘बेकायदा’ स्थलांतरितांचा, विमा जाणार कायदेशीरांचा!

१ ऑक्टोबर २०२५ रोजी अमेरिकेच्या केंद्र सरकारचे कामकाज ठप्प झाले, ते ४३ दिवस ठप्पच राहिले. या काळात रिपब्लिकन नेत्यांनी एकच आरोप लावून धरला. डेमोक्रॅट्सना बेकायदा स्थलांतरितांना फुकट आरोग्यसेवा द्यायची आहे, म्हणून सरकार बंद आहे, असा तो आरोप. डेमोक्रॅट्सची प्रत्यक्ष मागणी वेगळी होती. विम्याच्या हप्त्यावरील वाढीव सवलत वर्षअखेरीस संपत होती, ती पुढे चालू ठेवावी आणि ‘मेडिकेड’ या गरिबांसाठीच्या विमा योजनेला जुलैमध्ये लावलेली कात्री मागे घ्यावी, असे त्यांचे म्हणणे होते. ही कात्री ज्या स्थलांतरितांवर चालली, त्यांच्याकडे अमेरिकेत राहण्याची रीतसर कागदपत्रे आहेत. गदारोळात नेमके हेच मागे पडले.

बेकायदा राहणाऱ्यांना केंद्राचा विमा मिळतो का?

मिळत नाही, आणि ही बंदी नवी नाही. बिल क्लिंटन यांनी १९९६ मध्ये स्वाक्षरी केलेल्या कायद्याने मेडिकेडची दारे त्यांना बंद केली. एवढेच नव्हे, तर नव्या ग्रीन कार्डधारकांपैकी बहुतेकांनाही पाच वर्षे थांबायला लावले. २०१० च्या ‘ओबामाकेअर’ने तर कागदपत्रे नसलेल्यांना पूर्ण हप्ता पदरचा भरूनही केंद्राच्या विमा बाजारातून पॉलिसी घेण्यास मनाई केली. त्याच्या आदल्या वर्षी संयुक्त अधिवेशनात बराक ओबामा हेच सांगत असताना जो विल्सन हे रिपब्लिकन सदस्य ‘तुम्ही खोटे बोलता’ असे ओरडले होते. वादाची पट्टी तेव्हापासून फारशी बदललेली नाही.

आरोपात तथ्याचा एक अंश मात्र आहे. रोनाल्ड रेगन यांच्या काळातील १९८६ च्या कायद्यानुसार, आपत्कालीन विभागात आलेल्या रुग्णाची प्रकृती स्थिर होईपर्यंत रुग्णालयाला उपचार करावेच लागतात. त्याच्याकडे पैसे वा व्हिसा आहे का, हे पाहून त्याला परत पाठवता येत नाही. उत्पन्नाच्या निकषात बसणाऱ्या अशा रुग्णांच्या खर्चाचा काही भाग मेडिकेडमधून भागवला जातो. मेडिकेडच्या एकूण खर्चात हा वाटा एक टक्क्याहूनही कमी आहे.

मग बदलले काय?

४ जुलै २०२५ रोजी डोनाल्ड ट्रम्प यांनी ‘वन बिग ब्यूटिफुल बिल’वर सही केली. त्यानुसार १ ऑक्टोबर २०२६ पासून मेडिकेड नागरिक, ग्रीन कार्डधारक, क्युबा व हैतीचे ठरावीक स्थलांतरित आणि अमेरिकेशी करार असलेल्या पॅसिफिक बेटांचे रहिवासी यांच्यापुरतेच उरते. कायदेशीरपणे राहणारी मुले आणि गरोदर स्त्रिया यांना सामावून घेण्याची मुभा राज्यांना आहे. बाहेर पडतात ते निर्वासित, राजाश्रय मिळालेले आणि मानवी तस्करीचे बळी. १ जानेवारी २०२७ पासून विमा बाजारातील हप्त्याची सवलतही याच चौकटीत येते. अमेरिकी काँग्रेसच्या अर्थसंकल्प कार्यालयाच्या अंदाजावरून पाहता, या निर्बंधांमुळे कायदेशीरपणे राहणारे सुमारे १४ लाख स्थलांतरित विम्याविना राहतील.

बायडेन प्रशासनाने लाखोंना ‘पॅरोल’वर तात्पुरता प्रवेश देऊन कागदोपत्री कायदेशीर केले, त्याचा भार करदात्याने का उचलावा, असा रिपब्लिकनांचा युक्तिवाद आहे. त्यावर वाद होऊ शकतो. पण निर्वासिताला तो लागूच पडत नाही. त्याची परदेशात कसून तपासणी करून अमेरिकाच त्याला आणते. ग्रीन कार्डसाठी त्याला अर्ज करता येतो तो वर्षभराने. म्हणजे हाती काम नाही, भाषा येत नाही, अशा पहिल्या वर्षातच विमा नाही. तो आजारी पडणारच आणि १९८६ च्या कायद्यामुळे रुग्णालयाला त्याच्यावर उपचार करावेच लागणार. वेळेवर दिलेल्या इन्सुलिनचा खर्च वाचवून अतिदक्षता विभागाचे बिल अंगावर घेण्याला काटकसर म्हणणे कठीण आहे.

राज्यांनी काय केले?

काही डेमोक्रॅटिक राज्यांनी स्वतःच्या तिजोरीतून कागदपत्रे नसलेल्यांनाही विमा दिला होता. कॅलिफोर्नियाने २०१६ मध्ये मुलांपासून सुरुवात करून २०२४ पर्यंत सर्व वयोगट सामावून घेतले. मग खर्च हाताबाहेर गेला आणि जानेवारी २०२६ पासून प्रौढांची नवी नोंदणी थांबवावी लागली. इलिनॉयने ४२ ते ६४ वयोगटाची योजना जुलै २०२५ मध्ये गुंडाळली. मिनेसोटात तर प्रौढांची योजना सुरू झाली आणि वर्षभरातच बंद झाली. तेथील प्रतिनिधीगृहात दोन्ही पक्षांचे ६७-६७ सदस्य होते. अर्थसंकल्पाची कोंडी फुटावी म्हणून डेमोक्रॅटिक नेत्या, दिवंगत मेलिसा हॉर्टमन यांनी स्वपक्षातून एकटीने बाजूने मत दिले आणि विधेयक ६८ विरुद्ध ६५ मतांनी संमत झाले.

भारतीयांना झळ कुठे?

एच-१बी व्हिसावरील बहुतेकांचा विमा कंपनी काढते, त्यामुळे हप्त्याची सवलत गेल्याचा फटका थोड्यांनाच बसेल. खरी मेख ‘मेडिकेअर’ या ज्येष्ठांच्या विम्यात आहे. त्यासाठी प्रत्येक पगारातून १.४५ टक्के कापले जातात आणि मालकही तेवढेच भरतो. साधारण दहा वर्षे कर भरलेल्या आणि कायदेशीरपणे राहणाऱ्याला ६५ व्या वर्षी मेडिकेअर मिळे. आता त्यासाठी ग्रीन कार्ड तरी हवे किंवा नागरिकत्व तरी. भारतीयांची ग्रीन कार्डची रांग दशकांची आहे. चाळिशीत तिथे गेलेला अभियंता पंचवीस वर्षे हा कर भरूनही, रांगेतच निवृत्त झाला तर मेडिकेअरविना राहील.

मुलांनी ग्रीन कार्डवर बोलावून घेतलेल्या आईवडिलांचे गणितही बिघडले आहे. पहिल्या पाच वर्षांत मेडिकेड नसले, तरी स्वतंत्र कर विवरणपत्र भरणाऱ्या, दारिद्र्यरेषेखालील उत्पन्नाच्या ज्येष्ठांना आजवर विमा बाजारात हप्त्याची सवलत मिळत होती. १ जानेवारी २०२६ पासून ती बंद झाली आहे. अशा कुटुंबांपुढे पर्याय दोनच उरतात : आईवडिलांचा पूर्ण हप्ता मुलांनी भरायचा, नाहीतर गुडघ्याची शस्त्रक्रिया पुण्यात येऊन करून घ्यायची.