उत्सवाचा मान आणि वास्तूंचे जतन

थंडीचा कडाका ओसरू लागला, की वाईच्या घाटांवर मांडवांचे खांब रोवले जाऊ लागतात. एका आळीचा उत्सव उरकतो न उरकतो तोच पुढच्या आळीची लगबग सुरू होते. सिद्धनाथवाडी, धर्मपुरी, गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, ब्राह्मणशाही, रामडोह अशी आळ्यांची नावे घेत घेत श्रीकृष्णामाईचा हा उत्सव घाटाघाटांवरून पुढे सरकत राहतो. भजन, कीर्तन, प्रवचन, सुवासिनींचे हळदीकुंकू आणि महाप्रसादाच्या पंगती यांनी नदीकाठ गजबजून जातो. अफझलखान वाईस तळ देऊन होता, त्या १६५९ सालच्या संकटकाळी कृष्णामाईस बोललेल्या नवसाशी या उत्सवाचा उगम परंपरा जोडते. साडेतीन शतकांहून अधिक काळ एखादे गाव आपल्या नदीचे ऋण अशा निष्ठेने फेडीत राहावे, ही गोष्ट आम्हांस नतमस्तक करणारी वाटते.

परंतु आज या मंगल प्रसंगी आम्ही वाचकांचे लक्ष एका निराळ्या विषयाकडे वेधू इच्छितो. उत्सव आहे तसा उभा आहे. मात्र ज्या वस्तीत तो नांदला ती वस्ती दरवर्षी थोडी थोडी ढासळत आहे. मिरवणूक निघते तेव्हा कालपरवापर्यंत जेथे दिंडीदरवाजा आणि सुरूच्या घाटाचे खांब दिसत, तेथे आज लोखंडी सरकत्या दाराचे दुकान आढळते. जेथे ओसरीवर उभी राहून घरची वडीलधारी बाई कृष्णामाईवरून तांदूळ ओवाळून टाकीत असे, तेथे आता सहा घरांच्या सहा खिडक्या बंद असतात. दोष कोणा एकाचा नव्हे. म्हणूनच या प्रश्नाचा विचार रागाने नव्हे, तर समजुतीने व्हावयास हवा.

वाडा पाडणाऱ्या कुटुंबास दोष देणे सोपे आहे. त्या कुटुंबाच्या जागी क्षणभर स्वतःस उभे करून पाहावे. वाटण्या होऊन चार भावांच्या नावे झालेला वाडा. त्यांतले दोघे पुण्या-मुंबईस. पावसाळा आला की कौले फुटलेली, वासे कुजलेले, पांढऱ्या मातीची भिंत ओली होऊन फुगलेली. चुन्याचे काम जाणणारा गवंडी मिळत नाही आणि जुन्या पद्धतीने सांधे बसविणारा सुतार मिळालाच, तर त्याची मजुरी परवडत नाही. सत्तरी ओलांडलेल्या आईस जिना चढवत नाही. अशा वेळी जुन्या लाकडाचा व्यापारी दारात येतो आणि खांब, तुळया, चौकटी यांचे रोख मोल सांगतो. पाठोपाठ इमारत बांधणारा येतो आणि प्रत्येक भावास एकेक नवे घर देऊ करतो. वाडा राखणाऱ्यास खर्च, वाडा पाडणाऱ्यास लाभ! अशी जेथे जगाची रीत, तेथे केवळ संस्कृतीची थोरवी सांगून वाडे राहतील, अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करावी?

आपल्या पूर्वजांनी ही चूक केली नव्हती. वाईचा विशाल ढोल्या गणपती १७६२ साली गणपतराव भिकाजी रास्ते यांनी प्रतिष्ठापित केला. पुराच्या लोंढ्याचा जोर फुटावा म्हणून देवळाची मागची भिंत माशाच्या आकाराने निमुळती बांधण्याची दूरदृष्टी त्या काळच्या कारागिरांजवळ होती. तितकीच दूरदृष्टी त्या काळच्या व्यवस्थेतही होती. देऊळ उभारणारा नुसते देऊळ उभारून थांबत नसे. पूजा, नंदादीप, उत्सव आणि डागडुजी यांसाठी जमीन इनाम लागे किंवा वर्षासन बांधून दिले जाई. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांनी भारतभर घाट आणि मंदिरे उभारली, तेव्हा त्यांच्या पुढील योगक्षेमाचीही तजवीज केली. पुजाऱ्यास, वाजंत्र्यास, सुतारास, पाथरवटास, कुंभारास ज्याचा त्याचा वाटा होता आणि वाट्याबरोबर ज्याचे त्याचे काम होते. हक्क आणि कर्तव्य एकाच दोरीच्या दोन पदरांसारखे वळलेले होते.

स्वातंत्र्यानंतर ती दोरी उलगडली. १९५० च्या दशकात वतने आणि व्यक्तिगत इनामे कायद्याने संपुष्टात आली. सामाजिक न्यायाच्या दृष्टीने ते योग्यच होते. जुन्या व्यवस्थेत माणसामाणसांत जी उतरंड होती ती परत यावी, असे आम्ही स्वप्नातही म्हणणार नाही. परंतु वतनांबरोबर वास्तूंच्या देखभालीची जी तरतूद नाहीशी झाली, तिच्या जागी नवी तरतूद कोणी केली? शहरांतील वाड्यांची गत आणखी बिकट झाली. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठविली. १९९९ चा नवा कायदा २००० साली अमलात आला, तोवर अनेक वाड्यांचे छप्पर दुरुस्त करण्याइतकेही भाडे मालकांच्या हाती येत नव्हते.

शासनाने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. केंद्राचा १९५८ चा आणि महाराष्ट्राचा १९६० चा असे प्राचीन स्मारकांविषयीचे कायदे आहेत. वारशाचे जतन हे प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य म्हणून १९७६ च्या घटनादुरुस्तीने संविधानात नमूद झाले. मात्र या कायद्यांचा स्वभाव निषेधाचा आहे. केंद्र-संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरांच्या आत नवे बांधकाम करू नये, असे २०१० च्या दुरुस्तीने ठरविले. नियम आवश्यकच आहे. पण त्या शंभर मीटरांत राहणाऱ्या गृहस्थास त्याच्या त्यागाबद्दल काय मिळते? ज्या वास्तूमुळे आपणांस केवळ अडचण सोसावी लागते, त्या वास्तूविषयी माणसाच्या मनात माया कशी उपजावी? धाकाने फार तर पाडणे थांबेल; जतन मायेनेच होईल.

मुंबईने १९९५ साली वारसा-वास्तूंचे नियम करताना एक वेगळी वाट दाखविली. जुनी वास्तू राखणाऱ्या मालकास, तेथे न वापरता आलेला बांधकामाचा हक्क अन्यत्र विकता यावा, ही ती योजना. २०१७ साली जागतिक वारसा-नगरीचा मान मिळालेल्या अहमदाबादेनेही आपल्या पोळांतील लाकडी घरांसाठी हाच मार्ग अवलंबिला. महानगरात हा उपाय समंजस आहे. पण वाई, पैठण, नाशिकजवळची लहान तीर्थे किंवा कोकणातील देवस्थानांची गावे येथे जमिनीचे भाव महानगरासारखे नाहीत; तेथे असा हक्क विकत घेणार कोण? लहान गावांस लहान गावाला मानवणारेच औषध हवे.

आमच्या मते ते औषध पुढीलप्रमाणे असावे. जो मालक वाड्याचा दर्शनी भाग, चौक आणि छप्पर मूळ स्वरूपात राखील, त्यास नगरपालिकेने घरपट्टीत भरीव सूट द्यावी. दुरुस्तीच्या खर्चाचा ठराविक वाटा सार्वजनिक निधीतून, काम होईल तसतसा, हप्त्याहप्त्याने मिळावा. आणि मदत घेऊन वाडा विकला, तर ती रक्कम व्याजासह परत करण्याची अट असावी. पाडल्या गेलेल्या वाड्यांचे सागवान, घडीव दगड आणि कौले नगरपालिकेने रास्त दराने विकत घेऊन साठवावीत व दुरुस्ती करणाऱ्यांस त्याच दराने द्यावीत. म्हणजे एका वाड्याचे मरण दुसऱ्या वाड्यास जीवदान देईल. चुन्याची घाणी पुन्हा फिरावी आणि तिच्याभोवती तरुण गवंड्यांना वेतनासह शिक्षण मिळावे. दगड घडविणाऱ्या आणि भिंत रचणाऱ्या हातांस या वैभवाच्या श्रेयात आजवर वाटा मिळाला नाही. मिळकतीत तरी तो मिळावा. आणि जतन म्हणजे गैरसोयीत राहणे नव्हे. आत नवे स्नानगृह हवे, स्वयंपाकघर सोयीचे हवे, वृद्धांसाठी तळमजल्यावर खोली हवी. त्यास हरकत घेणारे जतन आमच्या आयाबहिणींच्या कष्टांवर उभे राहील, आणि ते टिकणार नाही.

वाईजवळच्या मेणवलीस नाना फडणविसांचा वाडा आणि घाट आहे. ‘स्वदेस’ हा २००४ सालचा चित्रपट तेथे चित्रित झाला आणि तो घाट देशोदेशी पोहोचला. अशा चित्रीकरणांतून व पर्यटनातून जेथे जेथे पैसा येतो, तेथे तेथे त्यातील निश्चित वाटा त्याच घाटाच्या पायऱ्यांवर आणि त्याच वस्तीच्या छपरांवर खर्च झाला पाहिजे, असा पक्का दंडक असावा.

कोणी विचारील, खाजगी घरास सार्वजनिक पैसा का? त्यास आमचे उत्तर असे, की वाड्याचे माजघर मालकाचे. पण त्याचा दर्शनी भाग साऱ्या आळीचा आहे. घाटावर उभे राहिल्यावर जे दिसते, ते कोणा एकाचे नसते.

आता शेवटचे आणि आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे. पैशाहूनही मोठे उत्तेजन आपल्या समाजाने फार पूर्वी शोधून काढले आहे, आणि त्याचे नाव ‘मान’. कृष्णामाईचा घाट आळीकरी का झाडतात? त्यासाठी कोणी त्यांस वेतन देत नाही. यंदा माई आपल्या घाटावर बसणार, हा मान त्यांस पुरेसा असतो. हाच मान घाटावरून चार पावले आत, आळीत का येऊ नये? ज्या कुटुंबाने वर्षभरात आपला वाडा नीट दुरुस्त केला, त्या कुटुंबाच्या हस्ते उत्सवातील एक आरती व्हावी. ज्या सुतार-गवंड्यांनी ते काम केले, त्यांचा मांडवात श्रीफळ देऊन सत्कार व्हावा. उत्सवाच्या वर्गणीतील एक लहानसा भाग ‘जीर्णोद्धार’ म्हणून वेगळा ठेवावा. पंगतीतील एक पक्वान्न कमी झाले, तर माई रुसणार नाही. पण आळीतील एक छप्पर वाचले, तर ती खचित प्रसन्न होईल. विहिरी, तलाव, देवळे यांच्या उभारणीस आपल्या धर्मशास्त्राने पूर्तकर्म म्हटले. मोडकळीस आलेले सावरणे हेही त्याच पुण्याच्या वाटेवरचे कर्म होय.

हे सांगताना एक सावधगिरीही सुचवाविशी वाटते. भक्तीच्या भरात काळ्या पाषाणावर तैलरंग चढविणे, चुन्याच्या भिंतीस सिमेंटचा गिलावा देणे, जुन्या फरसबंदीवर गुळगुळीत फरश्या बसविणे, हा जीर्णोद्धार नव्हे. चुन्याची भिंत श्वास घेते. सिमेंटने तो कोंडतो, ओल आतच साचते आणि भिंत आतून खचते. पंढरपुरास श्रीविठ्ठलमंदिराचे मागाहून झाकलेले पाषाणरूप अलीकडच्या जतनकार्यात पुन्हा प्रकट होऊ लागले, तेव्हा अनेक वारकऱ्यांस आपले देऊळ नव्याने भेटल्याचा आनंद झाला. तो आनंद प्रत्येक गावाच्या वाट्यास यावा.

कृष्णामाई वाहती आहे. तिला वाड्यांची गरज नाही. गरज आपणांस आहे. आपल्या नातवंडांनी उत्सवात माईच्या मिरवणुकीमागून चालताना, ‘येथे आपले आजोबा ओसरीवर बसत’ असे बोट दाखवून म्हणावे, इतकीच आमची इच्छा आहे. ते बोट दाखवावयास ओसरी उरली पाहिजे. यंदाच्या उत्सवात ओटी भरताना प्रत्येक घराने एवढा एक संकल्प मनाशी करावा, आणि तो सिद्धीस नेण्याचे बळ माईने द्यावे, हीच तिच्या चरणी प्रार्थना.