पहिल्या पायरीची मोटार

ज्या घरांत तीन पिढ्या एका छपराखालीं नांदतात, त्या घरांत मोटार ही एकट्याची वस्तु राहत नाहीं. ती घेणारा एक असतो, चालविणारे दोघे-तिघे असतात, बसणारीं सगळींच असतात. आणि तिच्या हप्त्याचा भार, कोणी बोलून दाखवो अथवा न दाखवो, सर्वांच्याच खर्चावर थोडाथोडा पडतो. म्हणून अलीकडे तरुण मिळवत्या मंडळींस ज्या मोटारींची ओढ लागली आहे, त्यांचा विचार या महिन्यांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे. जर्मन कारखानदारांच्या ऐषारामी सेडान मोटारींत जी सर्वांत कमी किंमतीची, तिला जाहिरातींतून ‘एंट्री-लेव्हल’ म्हणतात. आपण तिला पहिल्या पायरीची मोटार म्हणूं. दिसावयास ठेंगणी, चालण्यांत चपळ, आणि नांवानें मोठ्या घराण्यांतली, अशी तिची ओळख सांगतां येईल.

ही पायरी आपल्याकडे अगदींच नवी नाहीं. ऑडीनें २०१४ च्या ऑगस्टांत आपली ए-३ सेडान आणली, तेव्हां तिची किंमत २२ लाख ९५ हजारांपासून होती आणि तिची जुळणी औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपति संभाजीनगरास होत असे. मर्सिडीज-बेंझची ए-क्लास लिमुझीन २०२१ च्या मार्चांत ३९ लाख ९० हजारांस आली; तिची जुळणी पुण्याजवळ चाकणला होई. पुढें २०२५ च्या जुलैंत बी.एम.डब्ल्यू.नें टू सिरीज ग्रान कूपेची दुसरी पिढी ४६ लाख ९० हजारांस बाजारांत मांडली. ती चेन्नईच्या कारखान्यांतून निघाली. गाड्या निरनिराळ्या, आणि रुपयाही त्या काळांत उतरला, हें खरें. तरी अकरा वर्षांत पहिली पायरीच दुपटीहून उंच झाली, हें घरच्या जमाखर्चांत विसरतां येत नाहीं.

आतां या पैशाच्या मोबदल्यांत काय मिळतें, तें पाहूं. बी.एम.डब्ल्यू.च्या त्या मोटारींत दीड लिटरचें, तीन सिलिंडरांचें पेट्रोल इंजिन आहे. त्याची शक्ति १५६ घोड्यांची, आणि टॉर्क, म्हणजे चाक फिरविण्याचा जोर, २३० न्यूटन-मीटर. तिच्या शेजारीं फोक्सवॅगनची व्हर्टस ठेवावी. चाकणला तयार होणारी ही सेडान २०२२ च्या जूनमध्यें आली, तेव्हां तिच्या दीड लिटरच्या, चार सिलिंडरांच्या इंजिनाची शक्ति १५० घोड्यांची आणि टॉर्क २५० न्यूटन-मीटर होता. आणि किंमत अठरा लाखांच्या आंत होती. कागदावर पाहिलें, तर सहा घोड्यांसाठीं एकोणतीस लाख जादा मोजावयाचे, असा हिशेब निघतो. कित्येक वडीलधारे येथेंच चष्मा काढून कागद खालीं ठेवतात.

पण हा हिशेब अपुरा आहे, आणि तरुणांची बाजू न ऐकतां निकाल देणें न्यायाचें होणार नाहीं. महाग मोटारीच्या मागील चाकांस स्वतंत्र दांड्यांची मल्टिलिंक रचना असते, त्यामुळें एक चाक खड्ड्यांत गेलें तरी दुसरें बरेचसें स्थिर राहतें. व्हर्टसमध्यें मागचीं दोन्ही चाकें एका पिळणाऱ्या तुळईनें जोडलेलीं असतात. महाग गाडींत आंत येणारा आवाज कमी, बैठक अधिक घडीव, आणि वेगांत वळण घेतांना अंगाचा तोल कमी जातो. ज्याला चालविण्याचीच हौस आहे, त्याला हा फरक पहिल्या घाटांत कळतो. हौस म्हणजे उधळेपणा नव्हे. कोणी सतारीवर पैसे घालतो, कोणी पुस्तकांवर. कोणी रस्त्यावर घातले, तर तेवढ्यानें तो बिघडला असें मानण्याचें कारण नाहीं.

मात्र ज्या हौसेसाठीं पैसे द्यावयाचे, ती हौस या गाडींत कितपत पुरी होते, हें तरुणांनींही तपासावें. चपळ सेडान ही कल्पना ज्या मोटारींनीं रूढ केली, त्यांत बी.एम.डब्ल्यू.ची १९६२ सालची १५००, १९६८ सालची २००२ आणि १९७५ पासूनची थ्री सिरीज या अग्रगण्य होत. त्यांचें इंजिन पुढें, पण जोर मागील चाकांस. म्हणून पुढचीं चाकें केवळ दिशा देण्यास मोकळीं राहत. आज पहिल्या पायरीवरील बहुतेक गाड्यांत इंजिन आडवें बसवून जोर पुढील चाकांसच दिलेला असतो. त्यानें जागा वांचते, खर्च वांचतो. परंतु ओढणें आणि वळणें, हीं दोन्ही कामें त्याच चाकांवर पडतात. ही लबाडी नव्हे, तडजोड आहे. एवढेंच, कीं मोठ्या भावाची कीर्ति ऐकून धाकट्याला निवडूं नये. धाकट्याला त्याच्याच गुणांवर पारखावें.

किंमतीविषयींही तसेंच. जाहिरातींतील आकडा हा शोरूमच्या दारापर्यंतचा असतो. २०२५ सालीं महाराष्ट्रांत व्यक्तीच्या नांवावरील, वीस लाखांवरच्या पेट्रोल मोटारीस वाहनकर तेरा टक्के होता. म्हणजे ४६ लाख ९० हजारांवर सुमारें ६ लाख १० हजार. कौटुंबिक कंपनीच्या नांवावर घेतल्यास हाच कर वीस टक्के, म्हणजे सव्वानऊ लाखांहून अधिक होई. त्यावर विमा आला. उदाहरणादाखल पस्तीस लाखांचें कर्ज सात वर्षांसाठीं नऊ टक्क्यांनीं घेतलें असें धरलें, तर दरमहा ५६ हजारांहून थोडें अधिक द्यावें लागतें, आणि सात वर्षांत केवळ व्याजच बारा लाखांवर जातें. हा आकडा एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहावा, आणि त्याच कागदावर त्या सात वर्षांत घरांत येऊं घातलेले खर्चही लिहावे: धाकटीचें शिक्षण, घराची डागडुजी, वडिलांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया. दोन्ही रकाने समोरासमोर आले म्हणजे वादाची गरज बहुधा उरत नाहीं.

नवी मोटार निघतांच पहिल्या आठवड्यांत नोंदविण्याची घाई हीसुद्धां महाग पडूं शकते. त्याच २०२५ सालीं २२ सप्टेंबरपासून वस्तु व सेवा कराचे दर बदलले आणि दीड लिटरपर्यंतच्या मध्यम मोटारींवरील कर, अधिभार धरून, पंचेचाळीस टक्क्यांचा चाळीस टक्क्यांवर आला. जुलैंत घेणाऱ्यास हें ठाऊक असणें शक्य नव्हतें, आणि अशी सूट दर वर्षीं मिळते असेंही नाहीं. परंतु दोन-तीन महिने थांबल्यानें सहसा कांहीं हातचें जात नाहीं. तेवढ्या अवधींत गाडीचे गुणदोषही चारचौघांच्या अनुभवास येतात.

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट, जी कोणत्याही माहितीपत्रकांत छापलेली नसते. या मोटारींचें छप्पर मागें उतरतें असतें आणि बैठक जमिनीलगत असते. चालविणाराला त्यांतच मौज वाटते. पण सत्तरीच्या माणसास मागील आसनावर शिरतांना मान वांकवावी लागते आणि उठतांना कोणाचा तरी हात लागतो. आमच्या परिचयाच्या एका घरीं अशी गाडी आली. पेढे वांटले गेले, पूजा झाली, आजीबाईंनींच ओवाळलें. पुढें चार-पांच महिन्यांनीं सुनेच्या ध्यानांत आलें, कीं दर गुरुवारीं मंदिरांत नेण्याचा आग्रह धरणाऱ्या आजीबाई हल्लीं तें नांवच काढीत नाहींत. विचारलें, तर “आतां घरींच बरें वाटतें,” एवढेंच म्हणाल्या. नातवाच्या गाडीला नांव ठेवणें त्यांच्या जिवावर आलें होतें. एकत्र कुटुंबांत खर्च बोलून दाखविले जातात. गैरसोयी मात्र गिळल्या जातात. म्हणून त्या विचारून काढाव्या लागतात.

यास्तव गाडी पाहण्यास जातांना तरुणानें एकट्यानें अथवा मित्रांसह जाऊं नये. घरांतील सर्वांत वयस्क माणसास बरोबर न्यावें आणि प्रथम त्यांना मागें बसवून, उतरवून पाहावें. दुकानाच्या गुळगुळीत रस्त्यावर एक फेरी मारून समाधान मानूं नये. गाडी आपल्या गल्लींत आणण्याची विनंती करावी, आणि घरांतलीं पांच माणसें बसवून कोपऱ्यावरच्या गतिरोधकावरून ती खालीं न घासतां जाते कीं नाहीं, हें पाहावें. टायर पातळ कडांचे असल्यास पावसाळ्यांतील खड्ड्यांत ते लवकर फुटतात. तेव्हां एका टायरची किंमत, जादा चाक गाडींत आहे कीं नाहीं, आणि पहिल्या पांच वर्षांच्या देखभालीचा खर्च, हीं तीन उत्तरें लेखी मागून घ्यावीं.

इतकें करून घरांतील म्हाताऱ्यांस बसणें सुखाचें झालें, दोन्ही रकाने जुळले, आणि घेणाराची हौस नांवाची नसून चालविण्याची आहे असें दिसलें, तर वडीलधाऱ्यांनीं आनंदानें संमति द्यावी. हप्ता मात्र हौस ज्याची त्याच्याच मिळकतींतून जावा. यांपैकीं एकही गोष्ट जुळली नाहीं, तर अठरा-वीस लाखांची ऐसपैस गाडी घ्यावी आणि उरलेली रक्कम बाजूला टाकावी. ती रक्कम दारापुढें उभी राहून शेजाऱ्यांस दिसणार नाहीं. पण घरांत अडचण आली, म्हणजे प्रथम तीच उपयोगी पडेल.