पिवळा दिवा

गेल्या वर्षी मे ते ऑक्टोबर असे सहा महिने आम्ही उभयता धाकट्या चिरंजीवांकडे न्यू जर्सीत होतो. आम्ही पोहोचण्यापूर्वी दोनच महिने आधी त्याने एक जुनी स्पोर्ट्स कार खरेदी केली होती. जपानी बनावटीची, दोन आसनी, २००६ सालची, सहा सिलिंडरची. गाडी इतकी बुटकी, की तिच्यात बसणे म्हणजे पाटावर जेवायला बसण्यासारखे आणि उठणे त्याहून अवघड. माझ्या गुडघ्यांनी पहिल्याच दिवशी निषेध नोंदविला. परंतु मुलाच्या चेहऱ्यावरचा आनंद पाहून मी काही बोललो नाही.

खरेदीनंतर आठवड्याभरातच गाडीच्या समोरील फलकावर इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा लागला होता. विकणाऱ्याने विक्रीच्या आदल्या दिवशी संगणकातील दोषनोंदी पुसून टाकल्या असाव्यात, हे उघड होते. ३१ मार्चला ताळेबंद नटविणारे महाभाग मी चौतीस वर्षे पाहिले आहेत. १ एप्रिलला काय होते तेही पाहिले आहे.

अमेरिकेत १९९६ पासूनच्या सर्व मोटारींना दोषनिदानाची एकच प्रमाणित व्यवस्था सक्तीची आहे. चालकाच्या पायांच्या वर एक खोबण असते, तीत छोटे यंत्र बसविले की संगणकाने नोंदविलेले सांकेतिक क्रमांक वाचता येतात. आपल्याकडील अलीकडच्या गाड्यांतही अशी खोबण असते. वाचकांनी अवश्य पाहावी. चिरंजीवांच्या गाडीत दोन क्रमांक निघाले : पी ०१७१ आणि पी ०१७४. पहिल्याचा अर्थ ‘बँक १ मध्ये मिश्रण विरळ’, दुसऱ्याचा ‘बँक २ मध्ये मिश्रण विरळ’. निवृत्तीनंतरही बँक पाठ सोडत नाही, असे मी म्हटले. येथे बँक म्हणजे इंजिनाची एक बाजू; सहापैकी तीन सिलिंडरांची एक रांग. विरळ म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी.

एका कार्यशाळेने तपासणी करून सांगितले की, ऑक्सिजन सेन्सर बदलावे लागतील, सुमारे १९०० डॉलर. चिरंजीव हवालदिल झाला. राज्याची दर दोन वर्षांची तपासणी जवळ आली होती आणि पिवळा दिवा लागलेली गाडी तीत नापास होते. रात्री तो म्हणाला, “अण्णा, मी पण नोंदी पुसतो आणि गाडी विकून टाकतो. विद्यापीठातला एक मुलगा विचारत होता.”

मी म्हणालो, “अरे, तुला ज्याने फसवले त्याचीच पावती तू त्या पोराला देणार?”

“इथे सगळे असेच करतात, अण्णा.”

त्यानंतर दोन दिवस घरात फारसे बोलणे झाले नाही. सौभाग्यवतींनी मलाच दोष दिला. तिसऱ्या दिवशी मी त्याच्याकडे आठ दिवसांची मुदत मागितली. मला इंजिनातले काही कळत नव्हते. पण हिशेब जुळत नसेल तर चूक कुठे शोधायची, एवढे कळत होते. सायंकाळचे जेवण आटोपले की आम्ही दोघे गाडीपाशी जाऊन बसू लागलो. तो मला यंत्र समजावून सांगे आणि मी त्याला प्रश्न विचारी.

व्यवस्था थोडक्यात अशी. इंजिनात शिरणारी हवा आधी एका सेन्सरवरून जाते. तेथे केसाहून बारीक तापलेली तार असते. हवा तिला जितकी थंड करते, त्यावरून हवेचे वजन कळते. एक भाग पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा, या प्रमाणात संगणक पेट्रोल सोडतो. ही झाली आवक नोंदवही. धूर बाहेर पडण्याच्या वाटेवर ऑक्सिजन सेन्सर असतो. जळल्यानंतर किती ऑक्सिजन उरला हे तो सांगतो. हा लेखापरीक्षक. याची कल्पना जुनी नव्हे : १९७६ साली बॉश कंपनीचा असा सेन्सर प्रथम व्होल्वोच्या गाड्यांत आला. दोहोंत तफावत पडली की संगणक पेट्रोल कमी-अधिक करून मेळ घालतो आणि ही दुरुस्ती टक्क्यांत लिहून ठेवतो. एक तात्कालिक आकडा, दुसरा दीर्घकालीन. दीर्घकालीन आकडा मर्यादेबाहेर गेला की दिवा लागतो.

हे ऐकल्यावर माझी पहिली शंका कार्यशाळेच्या निदानाविषयी होती. दोन्ही बाजूंना दोन स्वतंत्र सेन्सर, आणि दोघेही एकच तक्रार एकाच वेळी करीत आहेत. दोघे एकदम कसे बिघडतील? तफावत दाखविणाऱ्या लेखापरीक्षकाचीच बदली करण्याचा हा प्रकार झाला. दोन शाखांत एकसारखी चूक निघाली तर ती मुख्य कार्यालयातून आलेली असते. म्हणजे दोष दोन्ही बाजूंना समाईक अशा ठिकाणी हवा.

चिरंजीवाला हे पटले आणि त्याने उत्साहाने हवेचा सेन्सर काढून खास त्यासाठीच्या फवाऱ्याने धुतला. (तारेला बोट लावायचे नाही, भलता फवारा वापरायचा नाही, पूर्ण वाळल्याखेरीज बसवायचा नाही.) काहीही फरक पडला नाही. थोडे थांबून आकडे पाहिले असते तर हे श्रम वाचले असते.

आकडे असे होते. गाडी जागेवर उभी, इंजिन मंद चालू : दीर्घकालीन दुरुस्ती एका बाजूला अधिक २२ टक्के, दुसऱ्या बाजूला अधिक २०. मिनिटाला २५०० फेरे केले की तीच ६ आणि ५ वर येई. हे मी वहीत लिहून घेतले आणि बराच वेळ पाहत बसलो. मग लक्षात आले. समजा, रोज कोणी गल्ल्यातून पाचशे रुपये काढतो आहे. खेड्यातील शाखेत ती मोठी तूट दिसेल, शहरातील मुख्य शाखेत तिचा पत्ताही लागणार नाही. तूट तीच, उलाढाल मोठी. इंजिन मंद चालते तेव्हा आत येणारी हवा थोडी असते आणि आतील ओढ मात्र सर्वांत जास्त. सेन्सर मळलेला असता तर प्रकार सामान्यतः उलट दिसला असता. हवा वाढेल तशी तूट वाढली असती. येथे हवा नोंदवहीत न येता मागच्या दाराने आत शिरत होती.

संगणकाने दोष नोंदविला त्या क्षणाचे टिपणही ठेवले होते : वेग शून्य, फेरे सातशेच्या आसपास, इंजिन पूर्ण तापलेले. व्हाउचरवरील शेऱ्यासारखा तो पुरावा होता.

मागचे दार नुसत्या डोळ्यांनी सापडले नाही. गावातील एका लहान गॅरेजवाल्याकडे धूर सोडण्याचे यंत्र होते. इंजिन बंद ठेवून आतील हवेच्या मार्गात त्याने पांढरा धूर भरला. मिनिटाभरात मागील बाजूने एक बारीक रेघ वर आली. इंजिनाच्या पोटातील वाफा पुन्हा हवेच्या मार्गात नेणारी रबरी नळी; तिच्या वळणावर, खालच्या अंगाला, इंचभर चीर. उष्णतेने रबर लाकडासारखे कडक झाले होते. वरून नळी अगदी धडधाकट दिसत होती. धुराचे ९० डॉलर, नळीचे १४.

नळी बदलल्यावर चिरंजीवाने सवयीने नोंदी पुसण्यासाठी यंत्र हाती घेतले. मी त्याला थांबविले. यात तत्त्वापेक्षा व्यवहार अधिक होता. नोंदी पुसल्या की संगणकाच्या स्वतःच्या चाचण्याही कोऱ्या होतात आणि अशी गाडी तपासणीला नेली तर ‘चाचण्या अपूर्ण’ म्हणून परत पाठवितात. २००१ नंतरच्या गाडीला एकच अपूर्ण चाचणी चालते. म्हणून दिवा तसाच ठेवला. त्याच परिस्थितीत लागोपाठ तीन फेऱ्यांत दोष दिसला नाही, तर संगणक स्वतःच दिवा मालवतो.

चौथ्या दिवशी सकाळी चिरंजीव कामावर निघाला आणि खालूनच त्याने हाक मारली, “अण्णा, गेला!” मी सदऱ्याची बटणे लावीतच खाली गेलो. दिवा विझला होता. दुरुस्तीचे आकडे ३ आणि २ वर आले होते. पुढच्या आठवड्यात गाडी तपासणीत उत्तीर्ण झाली.

त्या विद्यापीठातील मुलाला चिरंजीवाने बोलावून सर्व हकीकत सांगितली, माझी आकड्यांची वहीही दाखविली. मुलाने गाडी घेतली नाही. त्याला तिचा विमा परवडेना. गाडी अजून चिरंजीवाकडेच आहे. ती फुटकी नळी मात्र मी बॅगेतून घेऊन आलो. टेबलावर कागदांवर ठेवायला ती हलकी पडते, आणि सौभाग्यवती दर रविवारी विचारतात, हे टाकू का.