सागरसेतूवरून रमतगमत

प्रवासाला निघालेली माणसे दोन प्रकारची असतात. काहींचे सारे लक्ष मुक्कामाकडे लागलेले असते. वाट ही त्यांच्या मते केवळ ओलांडून टाकावयाची अडचण होय. काहींना मात्र वाट हाच प्रवासाचा अर्धा लाभ वाटतो. पहिला प्रवासी दुसऱ्याला आळशी म्हणतो, तर दुसरा पहिल्याला उतावळा. या दोघांत शहाणा कोण, याचा निवाडा घरी बसून होणार नाही. तो एखाद्या प्रत्यक्ष वाटेवरच केला पाहिजे. अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्याच्या दक्षिण टोकाशी असलेला सागरी महामार्ग ही अशीच एक वाट आहे.

नकाशात पाहिले, तर फ्लॉरिडाचे द्वीपकल्प जेथे संपते तेथून नैर्ऋत्येकडे लहान लहान बेटांची एक वाकडी रांग समुद्रात उतरलेली दिसते. जणू सुटलेल्या माळेचे मणीच! या बेटांना ‘फ्लॉरिडा कीज’ म्हणतात. या नावाचा कुलुपाच्या किल्लीशी काही संबंध नाही. लहान बेट या अर्थाच्या ‘कायो’ या स्पॅनिश शब्दावरून ते आले आहे. ही बेटे कर्कवृत्ताच्या किंचित उत्तरेस असली, तरी तेथे बर्फ पडत नाही, नारळ डुलतात आणि किनाऱ्यालगत खारफुटीची दाट झाडी असते. सुटलेले हे मणी माणसाने पुन्हा एका दोऱ्यात ओवले आहेत. तो दोरा म्हणजे 113 मैलांचा, अर्थात सुमारे 182 किलोमीटरांचा रस्ता आणि त्यावरील 42 पूल. डावीकडे अटलांटिक महासागर, उजवीकडे मेक्सिकोच्या आखाताकडील पाणी, आणि मधून ही चिंचोळी वाट.

मोटारीने न थांबता गेल्यास ही वाट चार तासांच्या आत संपते. मग तिला सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतचा सबंध दिवस का द्यावा? घाई करणाऱ्याचा हा प्रश्न चुकीचा नाही. त्याचे उत्तर वाटेवरील एकेका थांब्याने द्यावयाचे आहे.

पहिला थांबा की लार्गो हे मोठे बेट. येथे पायाखाली जो खडक आहे, तो मुळी खडक नव्हताच. सुमारे सव्वा लाख वर्षांपूर्वी समुद्राची पातळी आजच्याहून उंच होती. तेव्हा पाण्याखाली प्रवाळ नावाचे चिमुकले जीव राहत होते. थेंबे थेंबे तळे साचते, त्याप्रमाणे त्यांच्या सांगाड्यांची रास साचत गेली. पुढे पाणी ओसरले आणि त्या राशीचे बेट झाले. बेटापासून काही मैलांवर आजही जिवंत प्रवाळांची रांग आहे. तिच्या रक्षणासाठी 1960 साली तेथे सागरतळाचे उद्यान स्थापन झाले. काचेच्या तळाच्या होडीत बसले की रंगीबेरंगी मासे आणि पंख्यासारखे डुलणारे प्रवाळ खाली दिसतात. 2023 च्या उन्हाळ्यात येथील समुद्राचे पाणी इतके तापले की पुष्कळ प्रवाळ पांढरे पडले. ते वाचावेत म्हणून शास्त्रज्ञांनी शक्य तेवढे प्रवाळ उचलून जमिनीवरील टाक्यांत नेऊन ठेवले. भरधाव जाणाऱ्याला यातले काय दिसते? केवळ निळे पाणी! जे पाहिलेच नाही, त्याविषयी जिव्हाळा कोठून उत्पन्न व्हावा? आणि जिव्हाळाच नसेल, तर त्याचे रक्षण तरी कोण करणार?

या वाटेवर मैल दर्शविणाऱ्या लहान हिरव्या पाट्या आहेत. पुढे जावे तसा त्यांवरील आकडा कमी कमी होत जातो. 82 व्या मैलाच्या आसपास आयलामोराडा हे गाव लागते. तेथे रस्त्याच्या कडेला प्रवाळखडकाचे एक स्मारक उभे आहे. त्यावर वाऱ्याने वाकलेली ताडाची झाडे आणि उसळलेल्या लाटा कोरलेल्या आहेत. या स्मारकाची कथा समजण्यासाठी आधी एका रेल्वेची कथा ऐकली पाहिजे.

हेन्री फ्लॅग्लर हा तेलाच्या व्यापारात गबर झालेला गृहस्थ. या बेटांवरून थेट शेवटच्या की वेस्ट या बेटापर्यंत आगगाडी न्यावी, असे त्याच्या मनाने घेतले. लोकांनी त्याला वेड्यात काढले. परंतु 1905 साली काम सुरू झाले. पुढच्याच वर्षीच्या वादळात शंभरांहून अधिक मजूर प्राणास मुकले. तरी काम थांबले नाही. अखेर 22 जानेवारी 1912 रोजी पहिली गाडी की वेस्टला पोहोचली. तीतून उतरलेला फ्लॅग्लर तेव्हा 82 वर्षांचा होता. ही आगगाडी तेवीस वर्षे समुद्रावरून धावली.

2 सप्टेंबर 1935 रोजी या बेटांवर भीषण चक्रीवादळ आले. त्या वेळी पहिल्या महायुद्धात लढून आलेले शेकडो बेकार सैनिक तेथे रस्त्याच्या कामावर होते आणि साध्या तंबूंत व तकलादू खोपटांत राहत होते. वादळाची चाहूल आधी लागली होती; परंतु त्यांना हलविण्यासाठी मायामीहून गाडी निघाली ती दुपार कलल्यानंतर. तहान लागल्यावर विहीर खणावी, तसाच हा प्रकार! गाडी रात्री आयलामोराडाला पोहोचते न पोहोचते तोच समुद्राची प्रचंड लाट आली. सारे डबे उलथून पडले. इंजिन तेवढे रुळांवर उभे राहिले. त्या वादळात चारशेंहून अधिक माणसे दगावली आणि त्यांत निम्म्याहून अधिक ते सैनिक होते. युद्धातून जे जिवंत परतले, ते एका उशिरा निघालेल्या गाडीपायी मेले. की वेस्ट येथे राहणारे प्रसिद्ध लेखक अर्नेस्ट हेमिंग्वे मदतीसाठी तेथे गेले आणि त्यांनी अधिकाऱ्यांना जाब विचारणारा जळजळीत लेख लिहिला.

येथे घाई करणारा म्हणेल, “पाहा, दिरंगाईनेच घात केला! मग सावकाशपणाचे गोडवे कशाला गाता?” या आक्षेपाचा विचार केलाच पाहिजे. परंतु दिरंगाई आणि सावकाशपणा या दोन गोष्टी एक नव्हेत. आपल्या हाती असलेले कर्तव्य लांबणीवर टाकणे ही दिरंगाई. समोर असलेली वस्तू नीट समजून घेण्यासाठी तिला वेळ देणे हा सावकाशपणा. 2017 साली सप्टेंबरमध्ये मोठे वादळ येत असल्याचे कळताच, ते येऊन थडकण्याच्या काही दिवस आधीच प्रवाशांना आणि पाठोपाठ रहिवाशांना बेटे सोडण्याचा हुकूम झाला. बाहेर पडण्याची वाट तीच एक होती. परंतु या वेळी तिचा उपयोग वेळेवर झाला. पूर्वी काय घडले, हे ध्यानात ठेवणाऱ्यालाच कोठे त्वरा करावी हे कळते. आणि ध्यानात ठेवण्यासाठी स्मारकापाशी क्षणभर थांबावे लागते.

वादळानंतर आगगाडी पुन्हा सुरू झाली नाही. तिच्याच पुलांवरून सडक बांधण्यात आली आणि 1938 साली ती रहदारीस खुली झाली. बाहिया होंडा येथील जुन्या पुलाच्या लोखंडी चौकटीत दोन मोटारी शेजारून जाण्याइतकी जागा नव्हती; तेव्हा रस्ता चौकटीच्या माथ्यावरूनच नेला. आज रहदारी शेजारच्या नव्या पुलावरून जाते. त्याच्या अलीकडे लागणारा सात मैलांचा सुप्रसिद्ध पूल 1982 साली पूर्ण झाला. त्याला समांतर असलेल्या जुन्या पुलाचा सुमारे दोन मैलांचा भाग दुरुस्त करून 2022 पासून पायी व सायकलने जाणाऱ्यांसाठी खुला केला आहे. त्यावरून पिजन की या इवल्याशा बेटावर जाता येते. पूल बांधणारे शेकडो मजूर एके काळी तेथे राहत. त्यांची घरे पाहिली म्हणजे उमगते, की फ्लॅग्लरचे नाव इतिहासात राहिले, परंतु पूल उभा राहिला तो या अनाम हातांनी.

पुढे बिग पाइन की हे बेट येते. येथे सावकाश जाणे ही केवळ हौस नसून कर्तव्य आहे. या बेटांवर जेमतेम अडीच फूट उंचीची हरणे आहेत. ती जगात इतरत्र रानात कोठेही आढळत नाहीत. शिकारीमुळे त्यांची संख्या शंभराच्याही खाली गेली होती. 1957 साली त्यांच्यासाठी अभयारण्य झाले आणि आज ती काही शेकड्यांवर आहेत. परंतु त्यांचा सर्वांत मोठा वैरी म्हणजे धावती मोटार. म्हणून येथे वेगाची मर्यादा कमी ठेवलेली आहे आणि रात्री ती आणखी कमी होते. उतावळ्या प्रवाशाची पाच मिनिटे वाचतील. परंतु एखाद्या पाडसाची आई जाईल.

तथापि, सावकाश जाणाऱ्यानेही एक गोष्ट विसरता कामा नये. या बेटांवर हजारो लोक राहतात. रोगी, डॉक्टर, मासे नेणारा, शाळेत जाणारा, साऱ्यांची वाट हीच; आणि ती बऱ्याच ठिकाणी जेमतेम दोन गाड्यांपुरती रुंद आहे. आपल्या मौजेसाठी इतरांची वाट अडविणे हा रसिकपणा नव्हे. मागून गाडी आली, तर बाजूला होऊन तिला जाऊ द्यावे. ज्याला निकड आहे त्याला वाट देणे, हाही प्रवासाचाच धर्म होय.

अखेर की वेस्ट येते आणि मैलाचा आकडा शून्य होतो. येथून क्यूबा हा देश अवघ्या 90 मैलांवर आहे. संध्याकाळी समुद्रकाठच्या चौकात लोक जमतात आणि सूर्य पाण्यात बुडेपर्यंत उभे राहतात. त्या गर्दीत चार तासांत आलेला प्रवासी असतो आणि सबंध दिवस लावून आलेलाही असतो. दोघांनाही एकच सूर्यास्त दिसतो. परंतु एकाच्या मागे केवळ संपलेला रस्ता असतो. दुसऱ्याबरोबर प्रवाळ, मजूर, सैनिक आणि ती चिमुकली हरणे आलेली असतात. शहाणा प्रवासी कोण, हे आता निराळे सांगावयास नको.